मामांचा चमत्कार आणि माझी भिशी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे वेलांटी पहिली की दुसरी हे मी आजही अंदाजानेच ठरवते. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी चुकून कोणाच्या हाती पडलंच, तर त्याने वेलांट्यांकडे काणाडोळा करावा आणि माणूस बघावा, कारण माणूस बघण्यासारखा आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी स्वर्गात आपली जागा देवाने स्वतः रुमाल टाकून धरून ठेवली आहे, अशी खात्री असलेला माणूस सबंध बडोद्यात एकच आहे, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या मिस्टरांचे सख्खे मामा.

आम्ही ख्रिस्ती माणसं, मूळची नगरकडची. माणसाचं तारण त्याच्या स्वतःच्या हातात नाही, पुण्य करून ते मिळत नाही, देव फुकट देतो आणि त्याला हवं त्याला देतो, तीच कृपा, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण बाकीचे लोक हे रविवारी मानतात. मामा ते आठवडाभर मानतात, आणि तेही आमच्या घरी बसून. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मामा सुभानपुऱ्यात भाड्याच्या खोलीत एकटे राहतात, दर शुक्रवारी आमच्या वाडीतल्या घरी जेवायला येतात, आणि जग होण्याआधीपासून देवाने काय काय ठरवून ठेवलं आहे ते भाकरी मोडता मोडता सांगतात. त्यांचं ऐकून वाटावं, की ठरवताना मामा शेजारीच बसले होते आणि एकदोन ठिकाणी त्यांना विचारूनही घेतलं होतं.

मामांनी सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत, एका कॉन्ट्रॅक्टरकडे, सेफ्टीचं काम बघण्यात काढली. वर चढलेल्या माणसाच्या कमरेला पट्टा आहे ना, डोक्यावर हेल्मेट आहे ना, खिशात काडेपेटी नाही ना, हे बघायचं आणि दिवसभर 'सांभाळून, सांभाळून' ओरडायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी त्या शब्दालाही रिटायर केलं. "माणसाचे श्वास मोजलेले आहेत, एक कमी नाही, एक जास्त नाही," असं म्हणत ते मांडवीजवळचा रस्ता इकडेतिकडे न बघता ओलांडतात. एकदा मी भाजीची पिशवी घेऊन मागे होते. एक स्कूटरवाला करकचून ब्रेक दाबून त्यांच्या धोतराला टेकून थांबला. "ओ काका! मरवुं छे के?" असं तो ओरडला. मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "भाई, तुझी वेळ आणि माझी वेळ वरून ठरते." तो म्हणाला, "तो ऊपर जईने रस्तो क्रॉस करो ने!" आणि निघून गेला. घरी येऊन मामांनी देवाने आपल्याला कसं राखलं ते सांगितलं. त्यात स्कूटरवाल्याच्या ब्रेकचा उल्लेख नव्हता. मला त्या माणसाचं वाईट वाटलं. त्याची टाचसुद्धा रस्त्यावर घासली गेली होती.

आभार मानण्याची मामांची हीच पद्धत. माणसाचे आभार म्हणून ते मानत नाहीत. मी ताट वाढलं की डोळे मिटतात, ज्वारी पिकवल्याबद्दल, ती दळून आणल्याबद्दल आणि भाकरी टम्म फुगल्याबद्दल देवाचे मनापासून आभार मानतात, आणि जेवायला लागतात. इथपर्यंत ठीक आहे. पण भाजीत मीठ बरोबर असलं तर ती देवाची कृपा, आणि कमी असलं तर, "सूनबाई, लक्ष कुठे होतं?" इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नाही की मीठ कमी पडलं आणि मामा वर बघून म्हणाले, प्रभू, लक्ष कुठे होतं.

आणि कोण निवडलेला आणि कोण नाही, हे मामांना चेहऱ्यावरून कळतं. मीटरवर यायला नाही म्हणणारा रिक्षावाला निवडलेला नाही. कोपऱ्यावरचा सेवउसळवाला निवडलेला होता, कारण रस्सा दुसऱ्यांदा विचारून घालायचा, पण त्याने प्लेटमागे दहा रुपये वाढवले तेव्हा मामांना त्याच्या बाबतीत शंका येऊ लागली. माझ्या मिस्टरांचं अजून नक्की नाही. ते छापखान्यातून दमून येतात आणि मामांच्या प्रार्थनेत त्यांची मान खाली जाते ती भक्तीने जाते की झोपेने, हे मामांना सांगता येत नाही. माझ्याबद्दल मिस्टरांनी एकदा थट्टेने विचारलं, तर मामा म्हणाले, "तिचं काय सांगणार? ती बोलतच नाही." हे मात्र खरं आहे. मी चार माणसांत बोलू शकत नाही, घसा बंद होतो. जे बोलायचं ते मी भांडी घासताना बोलते, आणि भांडी कोणाला सांगत नाहीत.

आमच्या मराठी मंडळीला स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नाही. गुजराती मंडळीची उपासना झाली की त्याच देवळात आमची होते. सगळं देवाच्या वेळेने चालतं असं शिकवणारे मामा, गुजराती उपासना जरा लांबली की पायरीवर उभे राहून घड्याळावर बोट आपटतात. एकदा आमचे पाद्री, पाळकसाहेब, हसून म्हणालेसुद्धा, "मामा, तेही ठरलेलंच असेल." मामा म्हणाले, "ठरलेलं साडेदहाला होतं."

तर असे मामा. त्यांचा मला राग नव्हता, हसूच यायचं. राग आला तो पुढे, आणि तो पंचवीस हजारांचा आला.

मी साड्यांना फॉल-बिडिंग करते. पायाने चालवायचं जुनं मशीन आहे. त्यावर ब्लाउज शिवता येतात, पण आतली शिलाई हाताने झाकावी लागते, म्हणून गिऱ्हाईक ब्लाउज दुसरीकडे देतं आणि मला नुसता फॉल. मला मोटरचं मशीन आणि इंटरलॉकचं मशीन घ्यायचं होतं. त्यासाठी मी शेजारच्या हंसाबेनच्या भिशीत शिरले. पंचवीस बायका दर महिन्याला हजार हजार भरतात, हंसाबेन स्टीलच्या डब्यातून डोळे मिटून एक चिठ्ठी काढते, आणि जिचं नाव निघेल तिला त्या महिन्याचे सगळे पैसे. नाव लवकर निघालं तरी उरलेले हप्ते भरावेच लागतात. मिस्टरांना मी भिशीचं सांगितलं नव्हतं. हप्ता माझ्या फॉलमधून जायचा, आणि मशीन घरात आलं की एकदमच सांगू, असं मनात होतं.

माझी चिठ्ठी निघाली त्याच आठवड्यात मामांचा घरमालक डिपॉझिट वाढवून मागू लागला. मामांचं तत्त्व असं, की माणसापुढे हात पसरायचा नाही, गरज फक्त देवाला सांगायची. पण देवाला सांगायची त्यांची जागा म्हणजे आमची बाहेरची खोली. शुक्रवारी जेवण झाल्यावर मामा खुर्चीतच उभे राहिले की काय असं वाटेल इतक्या उंच आवाजात प्रार्थना करू लागले. "प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे. घरमालक पंचवीस हजार मागतो आहे. पंचवीस, प्रभू. महिनाअखेरीच्या आत. तो चेक घेत नाही, हेही तुला ठाऊक आहे." मिस्टरांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि 'आमेन' झाल्यावरही बराच वेळ उघडले नाहीत. मी आत ओट्याशी उभी होते. मला आधी हसू आलं. मग मामा म्हणाले, "नाहीतर मी जाऊ कुठे?" आणि तिथे त्यांचा आवाज मोडला. तेवढं वाक्य देवाला होतं. ते आमच्यासाठी नव्हतं.

नाही म्हणायला जेवढं धैर्य लागतं तेवढं द्यायला लागत नाही. मी घाबरट आहे, म्हणून दिले. दुसऱ्या दिवशी मामा विसरलेला चष्मा घ्यायला आले, मिस्टर कामावर होते, मी नोटांचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "मामा, भिशीचे आहेत. मशीनसाठी ठेवले होते. ईस्टरपर्यंत परत द्या." मामांनी पाकीट उघडलं, बघितलं, डोळे भरून आले, आणि मान वर करून म्हणाले, "तुझी स्तुती असो!" आमच्या छताला पंखा आहे. मामांनी पंख्याचे आभार मानले, चष्मा घेतला आणि गेले.

त्या रविवारी मामा साक्ष द्यायला उभे राहिले. आमच्यात उपासनेत मंडळीपुढे उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, तिला साक्ष म्हणतात. मामा म्हणाले, "मी कोणा माणसाकडे गेलो नाही. कोणा माणसाला शब्द बोललो नाही. गुडघे टेकले, आणि रक्कम हातात आली! एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही!" लोक हेलावले. बायकांच्या बाजूला दोघीतिघींनी डोळे पुसले. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, "केवढी कृपा गं." मी मान हलवली. पाळकसाहेबांनी त्याच धाग्यावर उपदेश केला, की कृपा विकत मिळत नाही आणि कृपेची परतफेड करता येत नाही, परतफेड करायला गेलं की तो सौदा होतो. मामा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. परतफेडीच्या वाक्याला जरा जास्तच.

माझी अडचण लक्षात घ्या. पैसे माझे होते तोवर मागता आले असते. आता त्यांचा चमत्कार झाला होता. मामांनी ती साक्ष पुढे पुन्हा दिली, घरोघरच्या प्रार्थनेत दिली, आणि गुजराती मंडळीने बोलावलं तेव्हा गुजरातीतही दिली. तिकडे ती थोडी वाढलीसुद्धा, दारावर टकटक वगैरे झाली. आता मी पैसे मागायचे म्हणजे दोन मंडळ्यांपुढे देवाला खोटं पाडायचं. आणि इकडे हंसाबेन, मशीन कधी येणार म्हणून, रोज ओटल्यावरून विचारायची, "भाभी, मशीन क्यारे आवशे?" मी म्हणायची, "आवशे." आणि दर महिन्याला तिच्याच हातात पुढचा हजाराचा हप्ता ठेवायची. देवाची कृपा फुकट असेल, माझी भिशी फुकट नव्हती.

ईस्टर येऊन गेला. एका शुक्रवारी मिस्टर यायच्या आधी मी धीर केला. वाढता वाढता म्हणाले, "मामा, ते मशीनचं..."

"कसलं मशीन?"

"ते पैसे मी दिले होते ते."

मामांनी घास खाली ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फार प्रेमाने समजावायला लागले. "सूनबाई, रिफायनरीत तेल कशातून येतं?"

"पाइपातून."

"पाइप म्हणतो का, की तेल माझं?"

"नाही."

"पाइपाला कोणी बिल देतं का?"

"नाही."

"मग? तुझी चिठ्ठी कोणी काढली? हंसाबेनने? हंसाबेनचा हात कोणी हलवला?" आणि ताट पुढे सरकवलं. पाइपाने अजून एक भाकरी वाढली. त्या दिवशी भांडी मी फार वेळ घासली.

मामांची कीर्ती मात्र पसरत होती. त्यांच्यासारखी प्रार्थना कशी करायची ते विचारायला लोक येऊ लागले. त्यातल्या एक कमलबाई. आमच्या मागच्याच गल्लीत राहणारी, एका पाळणाघरात मुलं सांभाळणारी विधवा बाई. तोंडाची फटकळ, पण मामांपुढे शाळेतल्या मुलीसारखी बसायची. मामांनी तिला नियम घालून दिला: गरज कोणा माणसाला सांगायची नाही. माणसाला सांगितलं की माणसाचा भरवसा होतो आणि देवाचा राहत नाही. कमलबाईने नियम पाळला. मामांनी कधी न पाळलेला नियम त्या बाईने अक्षर न् अक्षर पाळला.

उन्हाळ्यात ती दोन रविवार देवळात दिसली नाही, म्हणून मामा तिच्याकडे प्रार्थनेला निघाले. एकट्या बाईच्या घरी पुरुषाने एकटं जाऊ नये म्हणून मला बरोबर घेतलं. दुपारची वेळ. आत पाऊल टाकलं तर भट्टी. खिडकीला ओली चादर लावलेली, कमलबाई फरशीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती. मामा खुर्चीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "पंखा लावा की, बाई."

"लाईट कापलीय," कमलबाई म्हणाली.

"कधी?"

"झाले बरेच दिवस. पाळणाघर सुट्टीत बंद, पगार नाही. बिल राहिलं."

मी पटकन म्हणाले, "अहो, मग सांगायचं नाही का? मी पुढच्याच गल्लीत राहते!"

ती माझ्याकडे बघून हसली. "तुला कशी सांगू? माणसाला सांगायचं नाही ना. मी सांगितलं वर. बिलाचा आकडा सांगितला, तारीख सांगितली. मामा, तुमच्यासारखंच केलं हो सगळं. काही आलं नाही." आणि मग अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "तेव्हा मला कळलं. मी त्यातली नाहीये."

"कशातली?" मामांनी विचारलं.

"निवडलेल्यातली. तुम्हीच सांगता ना, ज्याला द्यायचं त्याला तो देतो. तुमच्या दारात आणून दिलं. माझ्या दारात वायर कापायला माणूस आला. म्हणजे उत्तर मिळालंच की. मी रडलेबिडले नाही, मामा. त्याची मर्जी. पण मग देवळात येऊन बसायचं कशाला, दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं?"

मी मामांकडे बघितलं. आता ते समजावतील असं मला वाटलं. समजावण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. पण त्यांनी पुन्हा एकदा घाम पुसला. शेवटी म्हणाले, "प्रार्थना करू." डोळे मिटले. "प्रभू," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "प्रभू." आणि पुढे काही नाही. एवढी वर्षं मी मामांची प्रार्थना संपायची वाट बघत आले होते, त्या दिवशी ती सुरू व्हायची वाट बघत बसले. मग मामांनी डोळे उघडले, कमलबाईला हात जोडले आणि बाहेर पडले. गल्लीत मला वाटलं, माझ्याशी काहीतरी बोलतील. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी मामा साक्षीला उभे राहिले. पाळकसाहेब खूश होऊन बाजूला सरकले. कमलबाईला मी ओढून आणलं होतं, ती माझ्या शेजारी बसली होती.

"माझ्या साक्षीत एक गोष्ट राहिली," मामा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "मी म्हणालो होतो, कोणा माणसाला बोललो नाही. मी बोललो होतो. माझ्या भाच्याच्या घरात बसून बोललो, आत ऐकू जाईल असा बोललो. दारावर टकटक झाली नव्हती. पैसे माझ्या भाच्याच्या बायकोने दिले. तिच्या मशीनचे होते. तिने परत मागितले, तर मी तिला पाइप म्हणालो."

मागून एकाने सवयीने 'आमेन' म्हटलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मग पुरुषांच्या बाजूने माझ्या मिस्टरांचा आवाज आला, मोठ्याने, "पंचवीस हजार?" सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघू लागली. मी पदर कपाळापर्यंत ओढला आणि जमीन दुभंगायची वाट बघितली. कोणीतरी आपल्याला मोजावं असं मला फार वाटायचं. पण मोजताना सगळे एकदम बघतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सांगितलं. गीत चालू असताना कमलबाईने मला कोपर मारलं. "तू दिलेस?"

"हो."

"मग एवढे दिवस मी अंधारात कशाला बसले गं, बये?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसू लागली की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. मग बराच वेळ ती डोळे पुसत होती आणि हसतही नव्हती. उपासना संपल्यावर ती पायरीवर उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फटकळपणे सांगू लागली, "माझी लाईट कापलीय हो, बिल भरायचंय." पायरी रिकामी व्हायच्या आत बिलाचे पैसे जमले. मामांनी स्वतः जाऊन भरले.

घरी मिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?" मी म्हणाले, "हो." ते म्हणाले, "हो, म्हटलं असतं."

मामांचं मात्र मंडळीत जरा अवघड झालं. चमत्कार करणाऱ्यावर लोक प्रेम करतात, केलेला मोडणाऱ्यावर नाही. ज्या बायकांनी डोळे पुसले होते त्यांना आपले डोळे फुकट गेल्यासारखे वाटले. एक गृहस्थ तर मलाच म्हणाले, "तुम्ही गप्प राहायला हवं होतं." मी तर शब्दही बोलले नव्हते. साक्षीसाठी मामांना आता कोणी पुढे करत नाही, आणि गुजराती मंडळीने तर पुन्हा बोलावलंच नाही.

मामांनी त्यांच्याच बाजूच्या एका सोसायटीत गेटवर नोकरी धरली. त्या वयात, धोतर सोडून पँट घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याला पुन्हा 'सांभाळून, सांभाळून' म्हणू लागले. पगार झाला की त्यातले थोडे पैसे घेऊन यायचे आणि माझ्या जुन्या मशीनच्या फळीवर ठेवायचे. कधी दोन हजार, कधी दीड. तुटक तुटक आलेल्या पैशाचं मशीन होत नाही. मी ते हंसाबेनच्या नव्या भिशीत भरत गेले. त्यात माझी चिठ्ठी अजून निघालेली नाही.

पैसे ठेवून मामा बसायचे. ठरलेल्या गोष्टी सांगणं त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. मला ते बरं वाटायला हवं होतं, पण घर उगीच रिकामं वाटायचं. एकदा मीच म्हणाले, "मामा, राहू द्या आता. झाले तेवढे झाले. बाकीचे माझ्याकडून." त्यांचा चेहरा लाल झाला. "का? तुझ्याकडून फुकट घेऊ?" आणि मग खाली बघून, हळू म्हणाले, "देवाचं फेडता येत नाही, सूनबाई. म्हणून मी तुझंही बुडवायला निघालो होतो." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "त्याने मला निवडलं असेल ना गं?"

ज्यांनी सगळ्या बडोद्याची निवड चेहऱ्यावरून केली, ते मला विचारत होते. मला काय सांगता येणार? मी म्हणाले, "मला नाही कळत, मामा. चहा ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले. आणि प्यायल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आलं चांगलं घातलंस."

परवा ते आले ते दाढी करून, पांढरा शर्ट घालून. मला वाटलं, कुठे लग्नाला जायचं असेल. खिशातून पाचशेच्या तीन नोटा काढल्या आणि फळीवर ठेवल्या. मी उचलून डब्यात टाकायला लागले तर म्हणाले, "मोज."

"तीनच तर आहेत, मामा."

"तरी मोज."

मी मोजल्या. ते बोटांकडे बघत होते. "झाले ना सगळे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "झाले, मामा." त्यावर ते हसतील असं मला वाटलं, पण ते तसेच बसून राहिले, गाडी निघून गेल्यावर स्टेशनवर माणूस बसतो तसे. आता पुढच्या महिन्यात पैसे घेऊन यायचं कारण नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि माझ्याही. शुक्रवार आहेच, असं मला म्हणायचं होतं, पण मी त्याच तीन नोटा पुन्हा मोजत बसले. मामा उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. पंचवीस हजार पुरे फिटले.